सातवा सुरुंग

“किती?” याकोबकाकांनी विचारलं.

“सात,” मी म्हणालो.

विहिरीतून धूर अजून वर येत होता. सुरुंगाच्या दारूचा वास घशाला लागत होता. काकांनी मान डोलावली, डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं आणि लांब उभ्या असलेल्या माणसांना हाक दिली, “सातच्या सात उडाले रं. धूर बसला की उतरायचं.”

मी हजेरीची वही छातीशी धरून उभा होतो. सात सुरुंग पेटवले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांतले किती फुटले, हे मला ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. चिंचवेढे हे नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथल्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. पाण्यावाचून शाळा बंद पडली, तेव्हा पाळकसाहेबांनी मला चर्चच्या आवारात चाललेल्या विहिरीच्या कामावर हजेरी लिहायला बसवलं. माणसं खोदायची, बाया घमेली वाहायच्या, मजुरीत गहू मिळायचा. पंचवीस फुटांखाली काळा कातळ लागला होता. तो फोडायचं काम याकोब शेलारांचं. त्या भागातल्या कितीतरी विहिरी त्यांनीच फोडलेल्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कातळात पहारीनं भोकं पाडायची, त्यांत दारू भरायची आणि प्रत्येक वात वेगळ्या लांबीची कापायची, म्हणजे धमाके सुटे-सुटे ऐकू येतात. वाती पेटवून काका शिडीवरून वर येत, शिडी ओढून घेत, आणि सगळे लांब जाऊन बसत. जितके पेटवले तितके ऐकू आले, तर धूर बसल्यावर उतरायचं. एक जरी कमी ऐकू आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी पाय घालायचा नाही. न फुटलेला सुरुंग ढिगाऱ्याखाली तसाच असतो. त्याची वात आतल्या आत धुमसत असू शकते, किंवा एखाद्याची पहार त्याच्यावर पडू शकते. काकांच्या एका भावाच्या बाबतीत तसं झालं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत.

पूर्वी ते स्वतः मोजत. पण इतक्या वर्षांच्या धमाक्यांनी त्यांचे कान मंदावले होते. समोरचं बोलणं कळायचं, पण लागोपाठचे दोन आवाज त्यांना एकच वाटायचे. म्हणून मोजायला त्यांनी मला निवडलं. का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “तुमाला आकडे येत्यात, अन् तुमी गप्पा मारीत न्हाई.”

मी खरंच गप्पा मारत नसे. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ जड व्हायची. बोलायचं असेल ते मी आधी लिहून काढायचो आणि पाठ करायचो. त्या शुक्रवारी दुपारी मी तेच करत होतो, आणि त्याला कारण सगुणाबाईंचा डबा.

सगुणाबाई आमच्या मंडळीतल्या बायबलबाई. गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता असे शास्त्रात सांगितलेले नऊ गुण, प्रत्येक चार-पाच वेळा लिहिलेला. रविवारी उपासना सुटली की त्या दारात डबा धरून उभ्या राहायच्या. ज्याला जी चिठ्ठी येईल तो गुण त्यानं आठवडाभर जगायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या सभेत उठून कसं जमलं ते सांगायचं. बदलून मागायची नाही, हा त्यांचा कडक नियम. आलेली चिठ्ठी देवानं दिलेली, असं त्या म्हणायच्या.

त्या रविवारी मला ‘आनंद’ आला.

सहनशीलता आली असती तर निभावलं असतं. ती माझ्यात होती, निदान माझ्या भित्रेपणाला मी ते नाव दिलं होतं. पण आनंद कसा जगायचा? तोंड हसरं ठेवून? मी चर्चच्या मागे चिठ्ठीकडे बघत उभा होतो, तेव्हा याकोबकाका आले.

“काय निघालं, मास्तर?”

मी चिठ्ठी दाखवली. ते स्वतःच्याच चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, “मला विश्वासूपणा. गेल्या सालीपण तोच निघालता.”

“काका, मला हे जमणार नाही,” मी म्हणालो. “शनिवारी मी काय सांगू?”

त्यांनी जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षी त्यांची बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. ‘आनंद’ ही चिठ्ठी त्यांना कशी द्यावी, असं माझ्या मनात आलं, पण तोवर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतलीही होती.

“तुमी माझी घ्या,” ते म्हणाले. “हजेरी लिव्हायची, सुरुंग मोजायचं, समदं विश्वासाचंच काम की. तुमाला सोपं जाईल. बाईला मातूर सांगू नका.”

असा विश्वासूपणा माझ्याकडे आला. तो मला सोपा वाटला, हे मी कबूल करतो. सोमवार ते गुरुवार मी हजेरी चोख लिहिली, सुरुंग चोख मोजले. शनिवारी हेच सांगायचं ठरवून शुक्रवारी मी वहीच्या शेवटच्या पानावर भाषण लिहायला घेतलं. ‘माझ्यावर सोपवलेलं काम मी या आठवड्यात’ इथवर आलो, आणि पहिला धमाका झाला.

मी मोजलं. दोन, तीन, चार. पाचही मोजला. मग मला अडलेला शब्द सुचला आणि तो निसटू नये म्हणून मी लिहू लागलो. मान वर केली तेव्हा वरून बारीक खडे पडत होते आणि माणसं कपडे झटकत उठली होती. सहावा झाला होता का? सातवा? कानात नुसता घुमारा होता. तेवढ्यात काका समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “किती?”

‘मोजलं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण आजूबाजूला तीस-पस्तीस माणसं होती. आदल्या दिवशी कातळाच्या फटीत ओल दिसली होती. आज सुरुंग उडाले की पाणी लागेल, अशी सगळ्यांची खात्री होती. बाया रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या. माझं तोंड उघडलं आणि त्यातून ‘सात’ निघालं.

धूर बसायला साधारण अर्धा तास लागायचा.

पहिली काही मिनिटं मी स्वतःला समजावत राहिलो. या विहिरीत आजवर एकदाही सुरुंग फसला नव्हता. काकांचा हात पक्का होता. आज तरी का फसेल? कानांत काय उरलंय ते मी शोधत होतो. पाचव्यानंतर काहीतरी मोठं झालं होतं. ते एक होतं की दोन, हे काही केल्या आठवेना. जितकं आठवायचा प्रयत्न करावा तितके धमाके मला हवे तसे ऐकू येऊ लागले.

सगुणाबाई लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो.

“बाई, तुम्ही किती ऐकले?”

“कशाचे?”

“सुरुंग.”

“मी कशाला मोजू?” त्या म्हणाल्या. “तुम्ही आहात ना.”

मी परत फिरलो. विल्सन शिडीला नवी दोरी बांधत होता. तो खोदणाऱ्यांतला सगळ्यात दांडगा गडी. त्याच्या तोंडाची मला नेहमीच धास्ती वाटायची.

“विल्सन,” मी म्हणालो, “आज उतरायलाच पाहिजे का? उद्या सकाळी उतरलं तर?”

“का? तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का तसं?”

“नाही, धूर जास्त दिसतोय.”

“धूर तुमच्या डोळ्यात गेलाय, मास्तर. बसा सावलीला. तुमाला कुठं उतरायचंय?”

आसपासची माणसं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

धूर विरळ झाला. विल्सननं शिडी आत सोडली. तिचं टोक खाली दगडांवर आपटलं. पहिले नेहमी याकोबकाका एकटे उतरत. तळ बघून त्यांनी हाक दिली की बाकीचे जात. त्यांनी कमरेला दोर बांधला, पायांतले जोडे काढून काठावर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याजवळ आले. मला वाटलं, त्यांना कळलं. एका परीनं बरंच वाटलं.

पण ते हळू आवाजात म्हणाले, “तुमची चिठ्ठी लई भारी निघाली, मास्तर. काल मी भाकऱ्या थापल्या. ती गेल्यापासून घरात चूल पेटवलीच न्हवती, भावजयीकडं खात हुतो. म्हटलं, आनंद जगायचाय तर एकट्यानं कसा जगायचा? विल्सनची पोरं जेवायला बोलावली. भाकरी जळाली. पोरं हसून हसून लोळली.” ते थांबले आणि जरा लाजल्यासारखे म्हणाले, “मीबी हसलो.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते वळले, काठावर बसले आणि त्यांनी एक पाय शिडीवर टाकला. मग दुसरा. कसलंसं भजन गुणगुणत ते उतरू लागले. छाती काठाच्या खाली गेली. खांदे गेले. फक्त पटका आणि शिडी धरलेले हात दिसत होते.

मी धावलो, असं नंतर सगळे म्हणाले. मला धावल्याचं आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी काठावर पालथा पडलो होतो आणि काकांचं मनगट माझ्या दोन्ही हातांत होतं. हजेरीची वही विहिरीत पडली होती आणि मी तिची पानं खाली फडफडत जाताना बघत होतो.

“मोजले नाहीत,” मी म्हणालो. “काका, मी मोजले नाहीत. मी लिहीत होतो.”

ते मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मंद कानांच्या माणसाला नीट ऐकू आलं की नाही, कळेना, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो. तेव्हा सगळ्यांनीच ऐकलं.

काका एकेक पायरी चढून वर आले. कमरेचा दोर सोडला. जोडे घातले. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं.

“किती पक्के ऐकले?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“पुढं?”

“पुढचं माहीत नाही.”

त्यांनी माणसांकडे तोंड करून सांगितलं की आज काम बंद. लोकांची कुजबुज सुरू झाली. बाया रिकामे हंडे उचलू लागल्या. एका म्हातारीनं माझ्या अंगावरून जाताना हंडा दुसऱ्या कडेला घेतला. विल्सन मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याची मूठ वळलेली होती. आता तो मारणार, असं वाटून मी डोळे मिटले.

“माझी पोरं कालच काकांच्या घरी जेवली,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “अन् तुमी सात म्हणला.”

त्यानं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती दुपार आणि संध्याकाळ मी विहिरीपासून पन्नास पावलांवर बसून काढली. कोणी चुकून जवळ जाऊ नये म्हणून काकांनीच मला बसवलं होतं. आत काही धुमसत असलं तर ते कोणत्याही क्षणी उडेल, या भीतीनं मी कान लावून होतो. गंमत अशी की आता मी फार लक्ष देऊन ऐकत होतो. काही उडालं नाही.

शनिवारी सकाळी काका आले, तेव्हा निम्मं गाव लांब लिंबाखाली जमलं होतं. काठावर दोर धरायला नेहमी विल्सन असायचा. त्या दिवशी काकांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

“मला नको, काका,” मी म्हणालो. “माझे हात कापताहेत.”

“कापू द्या. धरा.”

ते उतरले. मी दोर दोनदा मनगटाला गुंडाळला. खाली दगड बाजूला सारल्याचा आवाज येत होता, हलक्या हातानं, एकेक. सुरुंग फुटला की भोकाची अर्धी खाच कातळात उभी राहते, न फुटलेलं भोक जसंच्या तसं असतं. काका ढिगारा हातानं उपसून प्रत्येक भोक शोधत होते.

“एक,” खालून आवाज आला.

मी श्वास घेतला.

“दोन.” आणि थोड्या वेळानं, “तीन.”

विहिरीतून येणारा त्यांचा आवाज वेगळाच लागत होता, घागरीत बोलल्यासारखा. चार आणि पाच लवकर आले. तेवढे तर मीच ऐकले होते. मग दगड सारण्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला. घामानं दोर निसरडा झाला होता.

“सहा.”

त्यानंतर काहीच आलं नाही. एक मोठा दगड सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. मी खाली वाकून बघायचं धाडस केलं नाही. समोर काकांचे जोडे होते, शेजारी शेजारी, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. डाव्या जोड्याला टाचेजवळ नवा टाका घातलेला होता. मी प्रार्थना करत होतो का, असं मला नंतर सगुणाबाईंनी विचारलं. खरं सांगायचं तर नाही. मी फक्त तो टाका बघत होतो.

“सात,” खालून आवाज आला. “सात हायेत, मास्तर. समदे फुटल्यात.”

मी मटकन खाली बसलो.

लिंबाखाली एकच गलका झाला. विल्सन पुढे आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “म्हंजी काल सातच हुते. उगाच एक दिवस घालवला.” कोणीतरी हसलं. काका तोवर शिडीवरून वर आले होते. कपाळाला माती लागली होती. त्यांनी माझ्या हातातून दोर सोडवून घेतला, कारण माझी बोटं उघडत नव्हती.

“आज सात हायेत,” ते विल्सनला म्हणाले. “काल न्हवते.”

संध्याकाळी सभेत मी उभा राहिलो. लिहिलेलं काहीच नव्हतं, वही तर विहिरीत गेली होती. काय झालं ते मी अडखळत सांगितलं आणि चिठ्ठी बदलल्याचंही सांगितलं. माझ्यामागून काका उठले आणि म्हणाले की चिठ्ठी आपणच मागितली. सगुणाबाईंनी आम्हा दोघांकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. मग महिनाभर चर्च झाडायचं काम त्यांनी आमच्याकडे लावलं. काकांच्या भाकरीबद्दल मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं.

सोमवारी मी नवी वही घेऊन कामावर गेलो. हजेरी लिहून कोपऱ्यात बसायचं, एवढंच ठरवलं होतं. मोजायला कोणाला घेतलं असेल, याचा अंदाज करत होतो. दुपारी काकांनी पाच सुरुंगांच्या वाती पेटवल्या, वर आले, शिडी ओढून घेतली आणि थेट माझ्याकडे आले.

“चला, मास्तर.”

“काका, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. मी खोटं बोललोय तुमच्याशी.”

“बोलला,” ते म्हणाले. “अन् नंतर माझा हात धरला. बाकीच्यांचं मला काय ठाव?”

त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ‘आनंद.’ कडेला पिठाचा डाग होता. “ही तुमची. माझं झालं,” ते म्हणाले. “बाईला इचारून आणलीया.”

मी वही जमिनीवर ठेवली. पेन्सिल ठेवली. चिठ्ठी मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक मिटत गेलो. पहिल्या धमाक्यापासून शेवटच्यापर्यंत मी श्वास घेतला नसेल. वरून पडणारे खडे थांबले, माणसं उठली, आणि काका समोर येऊन उभे राहिले.

“किती?”

इतका घाबरलेला मी शुक्रवारीही नव्हतो.

“पाच,” मी म्हणालो.

धूर बसला. शिडी खाली गेली. काकांनी जोडे काढून शेजारी शेजारी ठेवले, दोराचं टोक माझ्याकडे फेकलं आणि माझ्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता, भजन गुणगुणत पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

त्या विहिरीला बुधवारी पाणी लागलं. पण आयुष्यातला सुखाचा दिवस कोणता, असं कोणी विचारलं तर मला तो बुधवार आठवत नाही. सोमवारची ती दुपार आठवते. दोर मनगटाला गुंडाळून मी काठावर उभा होतो, मुठीत घामानं पुठ्ठा मऊ झाला होता, आणि खालून काका मला हाक देत होते.